सुगरणीचा खोपा कोण विणतो?

आमच्या गावाबाहेरच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती. पाऊस सुरू झाला की तिच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबू लागत. दादी सांगायची, खोप्याच्या आत चिखलाचे गोळे असतात आणि त्यांत सुगरण काजवे चिकटवून ठेवते. रात्री पिलांना उजेड हवा ना! एका वर्षी वाऱ्याने खाली पडलेला खोपा मी घरी आणला आणि कंदील बारीक करून अंधारात उकलला. चिखल सापडला. काजवा काही सापडला नाही. "उड गया होगा, बेटा," दादी म्हणाली. मला ते पटले, कारण मला ते पटवून घ्यायचेच होते.

ही समजूत काही आमच्या दादीची एकटीची नव्हती. देशात अनेक ठिकाणी ती सांगितली जाई. एकोणिसाव्या शतकात जर्डन या पक्षिअभ्यासकाने तिची नोंद केली आणि चिखल बहुधा खोप्याचा तोल सावरण्यासाठी असावा, असा तर्क मांडला. त्याच्याही कितीतरी आधी, अकबराच्या काळात, अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या पक्ष्याचे कौतुक केले आहे. हा पक्षी हातातले नाणे घेऊन धन्याला आणून देतो, हाक मारली की दुरून येतो आणि घरटे असे विणतो की निष्णात कारागिरानेही हार मानावी, असे तो लिहितो. म्हणजे माणसाने या पक्ष्याला शेकडो वर्षे शिकवले. त्याच्याकडून शिकण्यासाठी त्याच्या झाडाखाली दिवसचे दिवस बसणारा माणूस मात्र फार उशिरा भेटला.

त्या माणसाचे नाव सालिम अली. जन्म १८९६चा, मुंबईचा. लहानपणीच आईवडील गेले, मामाने वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मुलगा १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि कायमचा पक्ष्यांचा झाला. पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली जागा मिळाली नाही. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम केले, मग बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझेमान या गुरूकडे पक्षिशास्त्राचे धडे घेतले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी ती संग्रहालयातली जागाच रद्द झालेली! हाताला काम नाही. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले.

किहीमच्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सालिम अलींनी तिच्याशेजारी शिडी उभारून वर कापडाचा आडोसा केला आणि तासन्‌तास त्यात बसून पाहायला सुरुवात केली. कोणता खोपा कोणी सुरू केला, कुठवर आला, कोण आले, कोण गेले, हे सगळे टिपायचे. विणीच्या हंगामात नराचा माथा पिवळाधमक होतो, मादी चिमणीसारखी मातकटच राहते. त्यामुळे नर कोण नि मादी कोण, हे ओळखता येते. अट एवढीच, की धीर धरून बघत बसायला हवे.

आणि बघता बघता उलगडले ते असे. खोपा विणतो नर. गवताच्या, पात्यांच्या लांब चिरफाळ्या आणून तो आधी कडे करतो, मग त्यावर घुमट. खोपा असा शिरस्त्राणासारखा अर्धा झाला की आत चिखल लिंपतो. तेवढ्यात माद्यांचे थवे येतात. नर पंख फडफडवून गातात आणि माद्या एकेका खोप्यात शिरून पारख करतात. एखादीला खोपा पसंत पडला तरच नर तो पुरा करतो, बोगद्यासारखे दार लावतो. आतल्या डागडुजीला ती हातभार लावते. मग ती अंडी उबवू लागली की नर दुसरा खोपा बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. अर्धवट लोंबणारे खोपे नराने झोके घ्यायला बांधलेले असतात, असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात ते नापसंत झालेले खोपे होते. १९३१च्या सुमारास सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध आला, तेव्हा जुने कोडे सुटले.

मला मौज वाटते ती भाषेची. मराठीने या पक्ष्याला नाव दिले 'सुगरण', आणि कामाचे सारे श्रेय बाईला दिले. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही खोपा टांगणारी आईच आहे. आमच्या घरात याच पक्ष्याला 'बया' म्हणत. तिथे तो पुल्लिंगी: बया घोसला बनाता है. आणि मराठीत 'बया' म्हणजे पुन्हा बाईच! मग बहिणाबाई चुकल्या का? नाही. त्यांनी माणसाला त्याच्या दहा बोटांची आठवण दिली, ते काम त्या कवितेने चोख केले. पण खोपा कोण विणतो, हा प्रश्न कवितेला विचारायचा नसतो. तो झाडाला विचारायचा असतो.

झाडाने दिलेल्या उत्तराचेही आपण काय करतो पाहा. एका कार्यक्रमात मी हे सांगत होतो. नराच्या दोन-तीन माद्यांचा उल्लेख आला आणि मागून कुणीतरी विनोद केला. माझे नाव ध्यानात घेऊनच केला होता. लोक हसले, मीही हसलो. घरी जाताना मात्र वाटले, पाखराला माणसाचे कायदे लावणे आणि माणसाला पाखराचे, दोन्ही सारखेच चूक. नराच्या मागे ना धर्म आहे ना बदफैली. जॉन क्रुक या अभ्यासकाने १९६४ साली सुगरणीच्या कुळातल्या अनेक जातींची तुलना केली. माळरानावर हंगामात गवताचे बी मुबलक असते, तिथे एकटी मादीही पिले वाढवू शकते, आणि अशाच जातींत नर अनेक माद्यांशी जोडी जमवतात, असे त्याला दिसले. प्राण्याच्या वागण्याचे कारण त्याच्या रानात शोधायचे, आपल्या भांडणात नाही.

उत्तर मिळाले म्हणून शोध थांबला नाही. अमेरिकेत कोलायस दांपत्याने आफ्रिकी सुगरणींची पिले विणायला काहीही न देता वाढवली. मोठ्या झालेल्या नरांना पुढे पाती दिली, तर सुरुवातीला धड एक गाठही बसेना. विणण्याची ओढ जन्मजात, पण सफाई सरावाची. पुढे २००० नंतर सुहेल कादर यांच्या अभ्यासात दिसले, की मादी विणकामापेक्षा जागा पाहते. खोपा उंच, बारीक फांदीवर असला तर तिला पसंत. म्हणजे त्या कारागिरीवर आपणच जास्त भाळलो होतो!

दादी आता नाही, ती बाभूळही नाही. नातीला मी काजव्याची गोष्ट जरूर सांगतो, कारण ती सुंदर आहे. मग वाऱ्याने पडलेला एखादा जुना खोपा तिच्या हाती देतो, दिवा मालवतो आणि म्हणतो, "आता तू बघ."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)