टेट्रासायक्लिन आणि सांध्यांची कूर्चा : एका शोधाचा इतिहास

औषधाची पहिली ओळख इतकी घट्ट बसते की त्याचे दुसरे गुण दीर्घकाळ नजरेआड राहतात. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांच्या बाबतीत हेच घडले. जंतुनाशक म्हणून ख्याती पावलेली ही द्रव्ये सांध्यातील कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक आच्छादनाची, झीज रोखू शकतील ही कल्पना सुमारे साडेतीन दशकांनी पुढे आली. या कल्पनेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निंदण आणि कपाशीची वेचणी करण्यात आयुष्य घालविलेल्या स्त्रियांच्या गुडघ्यांची तक्रार अकोला परिसरात घरोघर ऐकू येते. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

या कथेचा आरंभ शेतातच झाला. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबोर्न फील्ड या १८८८ पासूनच्या प्रयोगक्षेत्रातील मातीचा नमुना मृदाशास्त्रज्ञ विल्यम आल्ब्रेक्ट यांनी १९४५ मध्ये लेडरले कंपनीतील बेंजामिन डग्गर यांच्याकडे पाठविला. डग्गर वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, वयाची सत्तरी ओलांडल्यानंतर त्यांनी हे काम हाती घेतले होते. त्या मातीतील सोनेरी सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन निघाले आणि १९४८ च्या जुलैमध्ये ते जाहीर झाले. कंपनीच्या संशोधनविभागाचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बराव होते. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातही पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये (स्थापना १९५४) तेथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळाले आणि त्या जीवाला ‘पिंप्रिना’ हे नाव लाभले.

टेट्रासायक्लिनचा एक स्वभाव प्रारंभी दोष मानला गेला. ते कॅल्शियमसारख्या धातूंना चिकटते. म्हणून ते दुधाबरोबर घेऊ नये असे सांगितले जाते आणि लहान मुलांचे दात त्याने पिवळे पडतात. पुढील शोधाचे मूळ याच दोषात होते.

१९६२ मध्ये जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांनी बेडकाच्या पिलाच्या शेपटीत कोलॅजन तोडणारे विकर दाखवून दिले. शेपटी विरघळते ती याच प्रकारच्या विकरांमुळे. कूर्चेची झीजही अशाच विकरांमुळे होते आणि त्यांना कार्यासाठी जस्त व कॅल्शियम लागते. १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथील दंतसंशोधक लोर्न गोलुब व सहकाऱ्यांना आढळले की मधुमेही उंदरांच्या हिरड्यांतील हे विकर मिनोसायक्लिनने मंदावते. जंतू मेल्यामुळे असे झाले, हे सहज सुचणारे उत्तर होते. परंतु जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांतही तोच परिणाम दिसला. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटते : औषधाचे नाव बाजूला ठेवून पाहिल्याखेरीज हा प्रयोग सुचलाच नसता. पुढे १९८७ मध्ये रेणूतील जंतुनाशक भाग काढून टाकूनही विकररोधक गुण टिकतो, असे सिद्ध झाले.

कूर्चेच्या दिशेने मोठे पाऊल इंडियानातील केनेथ ब्रँट यांच्या गटाने टाकले. १९९२ मध्ये त्यांनी गुडघ्याचा बंध तोडलेल्या कुत्र्यांना डॉक्सिसायक्लिन दिले असता कूर्चा बरीच वाचली. मग २००५ मध्ये एका गुडघ्याचा संधिवात असलेल्या ४३१ स्थूल स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज दोनदा १०० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांच्या दुखऱ्या गुडघ्यातील सांध्याची फट तीस महिन्यांनी, औषधाविना असलेल्या गटापेक्षा ३३ टक्के कमी अरुंद झाली होती. वेदनेत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

क्ष-किरण चित्रात सुधारणा आणि चालताना तीच कळ, हा विरोध संशोधकांपेक्षा रुग्णाला अधिक जाणवणारा आहे. वेचणीला जाणाऱ्या स्त्रीला फटीचे माप नव्हे, उठता-बसता येणे महत्त्वाचे वाटते. हिरड्यांच्या विकारासाठी २० मिलिग्रॅमच्या अल्प मात्रेला अमेरिकेत १९९८ मध्येच मान्यता मिळाली. गुडघ्यासाठी तसे घडले नाही. नेदरलँड्समधील २३२ रुग्णांच्या चाचणीतही (२०११) वेदना कमी झाल्या नाहीत आणि २०१२ च्या कोक्रेन आढाव्याने लाभ किरकोळ व दुष्परिणाम त्याहून अधिक असा निर्वाळा दिला.