कर्जतचा रफार

युनिक्स जातीच्या संगणकावर चित्रमय पडदा हवा असेल, तर त्याची प्रणाली बसवण्याआधी एक यादी तपासावी लागते : स्मृती किती हवी, पडद्याचे कार्ड कोणते, माउस आहे का, फाँट कोठे ठेवले आहेत. यादी रुक्ष आहे खरी. पण यातली एकेक अट कशी आली, ते पाहण्यासारखे आहे.

१९६९ साली युनिक्सची सुरुवात झाली तेव्हा टंकयंत्रासारखी यंत्रे संगणकाला जोडत. संगणकाने फक्त अक्षराचा क्रमांक पाठवायचा. अक्षराचा साचा यंत्रातच असे. चित्र दाखवायचे तर पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याची नोंद स्मृतीत ठेवणे आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या संगणकाचे एक माप सांगितले : दहा लाख बाइट स्मृती, दहा लाख ठिपक्यांचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख आज्ञा. वर्गात हिशेब करून पाहा. काळा-पांढरा ठिपका एका बिटात मावतो, म्हणजे पडद्यालाच सव्वा लाख बाइट लागणार. स्मृतीचा आठवा हिस्सा तिथेच गेला!

१९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही प्रणाली तयार करायला घेतली. तिच्या आधीची स्टॅनफर्डची प्रणाली ‘डब्ल्यू’ होती, म्हणून पुढचे अक्षर. एमआयटीत वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक होते आणि ‘एक्स’ सर्वांवर चालायला हवी होती. म्हणून तिच्याकडे मोजकेच काम ठेवले : रेषा, ठिपके, अक्षरे काढायची आणि कळफलक व माउसच्या हालचाली कळवायच्या. खिडकी कशी दिसावी हे दुसऱ्या आज्ञावलीने ठरवायचे. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली. १९९१ साली लिनक्स आणि १९९२ साली ‘एक्सफ्री८६’ आल्यावर साध्या पीसीवरही हे सारे चालू लागले.

आपली अडचण होती ती अक्षरांची. ‘एक्स’च्या मूळ पद्धतीत एक क्रमांक म्हणजे एक आकृती. इंग्रजीला तेवढे पुरते. आता ‘कर्जत’ लिहा. साठवताना क्रम असतो क, र, हलन्त, ज, त. पडद्यावर मात्र र नाहीसा होतो आणि ज च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘जिल्हा’मध्ये ज नंतर साठवलेली वेलांटी ज च्या आधी काढावी लागते. ही उलटापालट कोणी करायची? पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्र वापरून ती वेगळ्या कार्डात बसवली. पुढे २०००च्या सुमाराला ‘पँगो’ ही आज्ञावली हे काम करू लागली आणि २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले. यादीत दोन अटी वाढल्या : अक्षरे जुळवणारी आज्ञावली आणि जोडाक्षरे असलेला फाँट. माझ्या मते मराठी शाळेसाठी या दोन अटी स्मृतीपेक्षाही मोठ्या होत्या. स्मृती दरवर्षी स्वस्त होत होती. रफार आपोआप जागेवर बसणार नव्हता.

मुरबाडला लागून दक्षिणेला असलेल्या कर्जत तालुक्यात, धनगरवाड्यावरच्या एका छोट्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती ‘एक्सओ’ हे छोटे लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. त्यात लिनक्स होते आणि पडद्यामागे ‘एक्स’. या प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरचे काम पाहत होते तेच जिम गेटिस! पडदा १२०० गुणिले ९०० ठिपक्यांचा, म्हणजे रेड्डींच्या मापाहून थोडा मोठा. स्मृती मात्र २५६ मेगाबाइट, जवळजवळ अडीचशे पट. शिवाय पाठीमागचा दिवा बंद करून भर उन्हातही वाचता येई. एमआयटीतल्या जुन्या यादीत ही अट नव्हती.

आज शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांच्या हातात असलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचा गाभा आहे, पण ‘एक्स’ नाही. अक्षरे जुळवणारी आज्ञावली मात्र आहे. तिचे नाव ‘हार्फबझ’, पँगोच्याच घराण्यातली. फोनवर क, र, हलन्त अशी अक्षरे एकेक करून उमटवा, मग ज दाबा आणि र कुठे जातो ते मुलांना दाखवा. नंतर ज पुसा. र परत खाली येतो.