त्यानं ग्रुप सोडला

तो गेल्यावर साधारण चार महिन्यांनी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली. त्याचं नाव, आणि पुढे ‘लेफ्ट’. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मग एकानं वेगळा मेसेज करून मला विचारलं, “तू काढलंस का त्याला?” मी नव्हतं काढलं, कुणीच नव्हतं. खातं १२० दिवस वापरलं नाही तर व्हॉट्सॲप ते काढून टाकतं आणि ग्रुपमध्ये ते असं दिसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरी हा नियम मला त्या रात्री कळला.

फेसबुकवर मात्र तो अजून आहे. दर वाढदिवसाला त्याला शुभेच्छा द्या म्हणून नोटिफिकेशन येतं आणि त्याच्या अपघाताचं माहीत नसलेला कॉलेजातला कुणीतरी ‘पार्टी कधी’ असं लिहून जातो. त्या खात्याचं काय करायचं ते मित्रांनी माझ्यावर सोपवलं. कारण एकच, मी इंजिनिअर. त्याच्या लॅपटॉपवर पासवर्ड सेव्ह आहे हेही मला माहीत होतं. काही करण्याआधी हे पहिल्यांदा कुणाला आणि कसं करावं लागलं, ते वाचायला बसलो.

पहिल्यांदा ते खुद्द फेसबुकच्या ऑफिसातच करावं लागलं होतं. २००५ मध्ये तिथे नुकताच रुजू झालेला मॅक्स केली नावाचा कर्मचारी होता. त्याचा जिवलग मित्रही तिथेच कामाला होता. काही आठवड्यांतच तो मित्र सायकलच्या अपघातात गेला आणि त्याच्या प्रोफाइलचं काय करायचं हा प्रश्न समोर आला. तोवर कुणी त्याचा विचारच केला नव्हता. मला यात नवल वाटलं नाही. विशी-पंचविशीतली मुलं कोड लिहितात तेव्हा ‘यूजर मेला’ ही केस कुणाच्या डोक्यात येत नाही. मीही आजवर एकदाही लिहिलेली नाही.

सुरुवातीला अशी प्रोफाइलं काही काळ ठेवून काढून टाकायची पद्धत होती. ती बदलली १६ एप्रिल २००७ नंतर. त्या दिवशी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. मेलेल्यांच्या भिंतींवर त्यांचे मित्र रोज लिहीत होते, आणि ही पानं आता जाणार हे कळल्यावर त्यांनी ती ठेवण्याची मागणी केली. कंपनीला ऐकावं लागलं. आज आपल्याला साधी वाटणारी सोय, माणूस गेला तरी पान राहणं, ही अशी मित्रांच्या मागणीमुळे मिळाली आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये फेसबुकनं नवं होमपेज आणलं. ‘याच्याशी बरेच दिवस बोलला नाहीत, पुन्हा संपर्क साधा’ असं ते सुचवू लागलं, आणि त्यात मेलेली माणसंही येऊ लागली. अल्गोरिदमच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं, बरेच दिवस बोलणं झालेलं नव्हतं. लोक संतापले. तेव्हा याच मॅक्स केलीनं आपल्या मित्राची गोष्ट सांगून ‘मेमोरियल’ खात्याची माहिती लोकांपुढे मांडली. मृत्यूचा पुरावा द्यायचा, मग खातं गोठतं. ते सुचवण्यांत येत नाही, त्यात कुणाला लॉगिन करता येत नाही, जुनं लिहिलेलं तसंच राहतं. आता अशा खात्यावर नावाजवळ ‘रिमेंबरिंग’ असंही येतं.

वाचायचं, पण हात लावायचा नाही, ही कल्पना आमच्या भागाला नवी नाही. द्रोणागिरीच्या डोंगराजवळच्या चाणजे गावात शिलाहार राजा अपरादित्याचा शके १०६० चा शिलालेख सापडला. आईच्या पुण्यासाठी दिलेल्या जमिनीची त्यात नोंद आहे. शिलाहारांच्या अशा बऱ्याच दगडांवर खाली गाढव कोरलेलं असतं, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. आमच्या ‘टर्म्स अँड कंडिशन्स’पेक्षा ती नक्कीच जास्त लोकांनी वाचली असेल.

पण खातं म्हणजे नुसता दगड नव्हे. भिंतीच्या मागे इनबॉक्स असतो, आणि खरी अडचण तिथे आहे.

या अडचणीचा मराठीतला मोठा दाखला कागदावरचा आहे. जी. ए. कुलकर्णी ११ डिसेंबर १९८७ ला गेले. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, लोकांपासून लांब राहणारे, मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार परत करणारे जी. ए. पत्रांत मात्र भरभरून बोलत. ती पत्रं पुढे मौजेनं ‘जी. एं.ची निवडक पत्रे’ या नावानं चार खंडांत छापली. संपादकांत त्यांचे मित्र म. द. हातकणंगलेकर होते. पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. इतक्या एकांतप्रिय माणसाचं खाजगी बोलणं छापावं का, हा प्रश्न वाचताना मला पडतो, आणि तरी मी वाचतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुणाकडे काय होतं. जी. एं.नी लिहिलेली पत्रं ज्यांना आली त्यांच्या घरात होती. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे, कागद मित्राकडे. म्हणजे प्रत्येकानं आपल्याला आलेलं बाहेर काढलं, तेही निवडून. सुनीताबाईंनी जी. एं.ना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ म्हणून वेगळी आली, त्या हयात असताना. संवादाचे दोन अर्धे दोन वाटांनी बाहेर आले. फेसबुकच्या इनबॉक्समध्ये हे दोन्ही अर्धे एकाच पासवर्डमागे असतात. मी त्याचा लॅपटॉप उघडला तर त्यानं लिहिलेलं दिसेल, आणि त्याला विश्वासानं लिहिणाऱ्या, आज जिवंत असलेल्या माणसांचंही.

बर्लिनमध्ये हाच मुद्दा कोर्टात गेला. २०१२ मध्ये १५ वर्षांची एक मुलगी मेट्रोखाली सापडून गेली. आत्महत्या होती की अपघात, हे आईवडिलांना जाणून घ्यायचं होतं. आईकडे पासवर्ड होता, पण तोवर कुणीतरी कळवल्यामुळे खातं मेमोरियल झालेलं, त्यामुळे पासवर्ड चालेना. वरच्या कोर्टानं २०१७ मध्ये आईविरुद्ध निकाल दिला, कारण मुलीशी बोलणाऱ्यांचं खाजगीपण. १२ जुलै २०१८ ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं तो फिरवला. पत्रं आणि डायऱ्या वारसांना मिळतात, तसंच हेही मिळेल.

हे वाचून मी फेसबुकचा अर्धा भरलेला फॉर्म बंद केला. मी तो पाठवला असता तर काकूंसाठी ते दार कायमचं बंद झालं असतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नसतं. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, कलम १४ मध्ये, मेल्यावर आपले हक्क कुणी वापरायचे ते नेमून ठेवण्याची तरतूद आहे. पण ते जिवंतपणी नेमायचं असतं. फेसबुकवर २०१५ पासून ‘लेगसी काँटॅक्ट’ आहे, त्यालाही मेसेज वाचता येत नाहीत. तो कुणाला नेमून गेला नव्हता. मीही नेमलेलं नाही.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. सिडकोच्या इमारतीतला तिसरा मजला, खिडकीतून कंटेनरच्या थप्प्या दिसतात. काकूंना सगळं सांगितलं: ठेवता येईल, गोठवता येईल, काढता येईल, आणि लॅपटॉपवरून आत जाता येईल, पण आत इतरांचंही असेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्याच्यात त्याचा आवाज आहे का रे?”

त्यात नव्हता, माझ्या फोनमध्ये होता. त्यानं मला पाठवलेल्या व्हॉइस नोट्स, बहुतेक द्रोणागिरी स्टेशनवरून, लोकल चुकली म्हणून शिव्या घालत. त्या मला आलेल्या होत्या, म्हणून द्यायला हरकत वाटली नाही. शिव्यांच्या तीन मागे ठेवल्या, बाकी काकूंच्या फोनवर पाठवल्या. लॅपटॉप त्यांनी त्याच्या कपड्यांच्या कपाटात ठेवला. खात्याचं काय ते दिवाळीनंतर बघू म्हणाल्या.

मधल्या काळात त्याचा वाढदिवस येतो. ‘पार्टी कधी’ लिहिणाऱ्याला मी आधी फोन करून सांगणार आहे.