साच्याचं फूल

मंडळी, चकलीचा सोऱ्या आपल्या घरोघरी ओळखीचा. पण लांब दांडीला लोखंडी फूल जोडलेला साचा मानवतच्या एखाद्या आजीबाईंच्या हाती दिला, तर त्या म्हणतील, "अगं बाई, यात पीठ भरायचं कुठून?" यात पीठ भरायचंच नसतं. साचाच पिठात बुडवायचा.

तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, साखर, थोडे तीळ आणि बहुधा अंडं, असा हा पातळ घोळ. साचा आधी कढईतल्या तेलात चांगला तापवतात आणि मग घोळात पाऊण उंचीपर्यंतच बुडवतात. काठावर पीठ चढलं तर फूल साच्याला जखडून बसतं, मग सुरीनं सोडवत बसा! साचा थंड असेल तर पीठ चिकटत नाही. बेताचा तापला असेल तर अंगालगतचा थर लगेच धरतो, आणि पुन्हा तेलात धरून जरा हलवलं की कुरकुरीत फूल आपणहून सुटतं. पहिली दोन-चार बिघडायचीच. ती पोरांच्या वाटणीची.

आता हे आलं कुठून? केरळात याला अच्चप्पम् म्हणतात. 'अच्चु' म्हणजे साचा. श्रीलंकेत एप्रिलमधल्या नववर्षाला 'कोकिस' होतं. हे नाव डचांच्या 'कूक्येस' या शब्दावरून आलं असं मानतात. तिथल्या किनाऱ्यावर डचांचा अंमल 1796 पर्यंत होता, कोचीनही त्यांनी 1663 मध्ये घेतलं होतं. म्हणून पदार्थ डचांचाच, असं पुष्कळजण सांगून मोकळे होतात. मला हे घाईचं वाटतं. मंगळूरकडच्या कोंकणी ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वारात हीच फुलं असतात, आणि मंगळुरावर डचांचं राज्य कधी नव्हतं. शिवाय असाच साचा तुर्कस्तानात आहे, तिथं पदार्थाला चक्क 'लोखंडाची मिठाई' म्हणतात. इराणात नाव 'खिडकीची रोटी'. स्वीडन-नॉर्वेतही तो आहे. नाव एका वाटेनं येतं, साचा दुसऱ्या वाटेनं येऊ शकतो. आणि साच्यावर सन कोरलेला नसतो.

आपल्याला जवळची वाट मात्र तेलंगणाची. तेलुगू घरांत यांना 'गुलाबी पुव्वुलु', म्हणजे गुलाबाची फुलं, म्हणतात. परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबादहून मनमाडला जाणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास झाला, त्यावरच आपलं मानवत रोड स्टेशन. त्या गाडीनं व्यापारी आले, नोकरदारांच्या बदल्या झाल्या, लेकी-सुना आल्या-गेल्या. त्यांच्या ट्रंकांत काय काय होतं, हे कुठल्या दफ्तरात लिहिलेलं नाही.

तेव्हा गुरुजी, मुलांना एक काम द्या. घरी माळ्यावर असा साचा आहे का ते पाहायला सांगा, आणि असला तर आजीला विचारा, तो कुणाच्या माहेरचा.