आळेफाटा

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बाजारपेठ. पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. दक्षिणेला नारायणगाव व मंचर, उत्तरेला बोटा व संगमनेर, पूर्वेला बेल्हे, तर पश्चिमेला ओतूर आणि पुढे माळशेज घाट. जंक्शनला लागते ते सगळे येथे आहे. नाहीत ते फक्त रूळ. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही रेल्वे नाही.

मूळ गाव आळे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे मानतात, त्या रेड्याची समाधी तेथे आहे. गाव देवस्थानामुळे ओळखले जाते, फाटा रहदारीमुळे. आंबेगावातही हेच घडले : तालुक्याचे ठाणे घोडेगाव, पण व्यापार मात्र महामार्गावरच्या मंचरला. आळेफाट्यावर जुन्नर बाजार समितीचा उपबाजार असून कांद्याची मोठी आवक होते.

घाटावरचा माल कोकणात उतरवण्याची या भागाची रीत सातवाहनांपासूनची आहे; नाणेघाट त्याची साक्ष देतो. त्यामुळे रेल्वेची पहिली नजरही इकडेच वळली होती. १८४० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या प्राथमिक आराखड्यात सह्याद्री चढण्यासाठी माळशेज घाटाचाच विचार होता. पुढे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या पाहणीनंतर माळशेज मागे पडला आणि बोरघाट व थळघाट निवडले गेले. बोरघाटातून १८६३ मध्ये, तर थळघाटातून १८६५ मध्ये गाड्या धावू लागल्या. जंक्शन झाले ते कल्याण. जुन्नर-आंबेगाव दोन्ही लोहमार्गांच्या मधल्या पट्ट्यात राहिले.

दुसरी संधी अलीकडची. सुमारे २३५ किलोमीटरच्या पुणे–नाशिक अर्ध-अतिजलद रेल्वेची मूळ आखणी राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळे अशी होती. माळशेजमार्गे कल्याण–नगर लोहमार्गाची मागणी तर कित्येक दशकांची. दोन्ही मार्ग झाले असते तर ते आळेफाट्याच्या आसपासच एकमेकांना भेटले असते. या वेळी आड आला तो डोंगर नव्हे, दुर्बीण. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपते, आणि विजेवरच्या गाड्यांमुळे होणारा रेडिओ गोंगाट तिला चालत नाही. वैज्ञानिकांचा आक्षेप रास्तच होता. रेल्वे मंत्रालयाने मग शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे आणला. वळसा मोठा, आणि या दोन तालुक्यांना त्याचा उपयोग नाही.

आजही येथील प्रवाशाला रेल्वेसाठी एस.टी.ने पुणे, कल्याण किंवा नाशिकरोड गाठावे लागते.