रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग म्हणजे काय? यादीत न सापडणाऱ्या लोकांचा सर्व्हे कसा करतात?

समजा यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत आणि आसपासच्या तांड्यांवर सर्व्हे करायचाय: ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या पोरांची शाळा मध्येच सुटते? नेहमीची पद्धत म्हणजे घरांची यादी घ्या आणि दर दहावं घर गाठा. पण गाळप हंगामात गेलात तर ज्यांना विचारायचंय त्यांच्याच दाराला कुलूप. घरी सापडलेल्यांवरून आकडा काढला, तर शाळा सुटलेली पोरं हिशेबातच येणार नाहीत.

'मग व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म टाकू की!' टाका, पण तो भरणार फोन आणि नेटपॅक असलेलाच. शिवाय लिंक कुणी कुणाला पाठवली, हे कळत नाही.

यावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. सुरुवात मोजक्या माणसांपासून होते. त्यांना 'बीज' म्हणू. मुलाखत झाली की प्रत्येकाला नंबर घातलेली, बहुधा तीन, कूपनं मिळतात. ती त्याने आपल्यासारख्याच ओळखीच्यांना द्यायची. कूपन घेऊन आलेल्याची मुलाखत होते, मग त्यालाही कूपनं. मोबदला दोनदा: स्वतःच्या मुलाखतीचा आणि आणलेल्या माणसाचा. पुढचा कोण हे आधी ठरलेलं नसतं आणि नावही सांगावं लागत नाही. २००५ ते २००७ दरम्यान महाराष्ट्रासह सहा राज्यांत एचआयव्हीचा जास्त धोका असलेल्या गटांचा सर्व्हे झाला. त्यात मणिपूर-नागालँडमध्ये इंजेक्शनने नशा करणाऱ्यांपर्यंत असंच पोचले होते.

कूपनं तीनच का? मुकादमाच्या हाती पन्नास दिलीत तर त्याचीच टोळी येईल. मर्यादा घातली की साखळी लांबत जाते आणि सुरुवातीच्या माणसाचा प्रभाव ओसरतो.

खरी गंमत हिशेबात आहे. प्रत्येकाला विचारतात, 'ऊसतोडीला जाणारे किती जण तुमच्या ओळखीचे?' चाळीस ओळखी असलेल्याच्या हाती कूपन पडायची शक्यता दहावाल्याच्या साधारण चौपट. म्हणून त्याच्या उत्तराचं वजन त्याच्या पाव धरतात.

अर्थात ही काही जादू नाही. दोन तांड्यांची एकमेकांत ओळखच नसेल तर साखळी तिकडे पोचतच नाही. तिथे वेगळं बीज लागतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे कूपन नवऱ्याकडेच जाण्याचा धोका असतो. मी तर निम्मी बीजं बायकाच घेईन. आणि मोबदला बेताचाच ठेवा, नाहीतर कूपनं विकली जातात आणि कधीच ऊस न तोडलेले लोक रांगेत उभे राहतात.