जपानमधला एसी : निगा, दुरुस्ती आणि घरमालक



घर बघताना स्टेशन किती मिनिटांवर आहे हे आपण सगळेच विचारतो, पण भिंतीवरच्या एसीकडे कोणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. आमच्या पहिल्या घरात जुलैमध्ये एसीतून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. खाली बादली ठेवली आणि उन्हाळा काढला. घर सोडताना वॉलपेपरमागे बुरशी निघाली आणि भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. बिघाड एसीचा होता, पण वेळेवर न कळवण्याची चूक आमची होती. नवीन येणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून ही माहिती.

रिमोटवरचे शब्द

इथला एसी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देतो. रेइबो म्हणजे थंड, दानबो म्हणजे गरम, जोशित्सु म्हणजे हवेतला दमटपणा काढणं, सोफू म्हणजे नुसता पंखा आणि तेइशि म्हणजे बंद. सरकार उन्हाळ्यात 28 आणि हिवाळ्यात 20 अंश सुचवतं, ते खोलीचं तापमान आहे, रिमोटवरचा आकडा नव्हे. खोलीत एक साधा थर्मामीटर टांगून ठेवा.

वर्षभराची कामं

1. मे महिना : उन्हाळ्याआधी चाचणी घ्या. सर्वांत कमी तापमानावर 10 मिनिटं चालवून हवा गार येते का ते बघा. मग आणखी अर्धा तास चालवून पाणी गळत नाही ना याची खात्री करा. जुलैत बिघाड कळला तर दुरुस्तीवाल्याची तारीख मिळेपर्यंत घामाघूम व्हाल.

2. दर दोन आठवड्यांनी फिल्टर : आधी व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढून घ्या, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवा. आपल्या फोडणीचा तेलकट धूर फिल्टरवर चिकटतो आणि त्यावर धूळ बसते. स्वयंपाकघर आणि हॉल एकच असेल तर हे जास्तच. फोडणीच्या आधीच चिमणीचा पंखा लावा.

3. त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा : थंड हवा देताना एसीच्या आत पाणी साठतं. तो लगेच बंद केला की आत ओल राहते आणि बुरशी धरते. आत वाळवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, नसेल तर शेवटी तासभर सोफू लावा.

4. निचऱ्याची नळी : बाल्कनीत आउटडोअर युनिटजवळ तिचं तोंड असतं. पानं, माती, किडे यांनी ते बुजलं की पाणी घरात उलटतं. आमच्याकडे हेच झालं होतं. नळीचं टोक कुंडीत किंवा साठलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. आत अडकलेलं ओढून काढायचा हातपंप होम सेंटरमध्ये मिळतो.

5. हिवाळा : गरम हवा मधेच काही मिनिटं थांबते आणि बाहेरच्या युनिटमधून पाणी येतं. घाबरू नका, बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवण्याची ती क्रिया आहे. होक्काइदो किंवा निइगाताकडे राहणाऱ्यांनी युनिटभोवतीचा बर्फ काढत राहावा.

हे करू नका

दुकानातला स्प्रे आणून एसीच्या आत मारू नका. द्रव विजेच्या भागांवर जाऊन आग लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आतली सफाई माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. साध्या भिंतीवरच्या एसीला साधारण 10 ते 15 हजार येन पडतात.

रॉकेलचा हीटर

रॉकेलला इथे तोयु म्हणतात. अनेक भाड्याच्या घरांत हा हीटर वापरायला मनाई असते, आधी करार बघा. परवानगी असेल तर तासाला एक-दोनदा खिडकी उघडा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. 1 लिटर रॉकेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन खोलीत येतं, म्हणून खिडक्यांवर ओल धरते. गेल्या वर्षीचं उरलेलं रॉकेल वापरू नका.

खर्च कोणाचा?

करारात एसी सेत्सुबी, म्हणजे घराबरोबर दिलेली वस्तू असेल, तर साधारणपणे दुरुस्ती घरमालकाची. झान्चिबुत्सु, म्हणजे आधीचा भाडेकरू सोडून गेलेली वस्तू असेल, तर बहुधा खर्च आपला. सही करण्याआधीच हे विचारा.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या सुधारित दिवाणी कायद्यानुसार, भाडेकरूची चूक नसताना घराचा काही भाग वापरता येईनासा झाला तर त्या प्रमाणात भाडं कमी होतं. घर सोडण्याबाबतच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार तंबाखूचा वास वगैरे नसेल तर एसीची आतली सफाई मालकाकडे येते, पण करारात वेगळी अट असू शकते. गळती तशीच ठेवून भिंत कुजली तर मात्र भुर्दंड भाडेकरूला, एसी मालकाचा असला तरी!

म्हणून गळती दिसताच फोटो काढा, तारीख लिहा आणि त्याच दिवशी कळवा. फोनवर एवढं पुरतं :

"एआकोन कारा मिझु गा मोरेते इमासु. शूरी ओ ओनेगाइ शिमासु."
(एसीतून पाणी गळतंय. कृपया दुरुस्ती करून द्या.)

एसी आपला स्वतःचा असेल तर जाताना तो मोठ्या कचऱ्यात टाकता येत नाही. 2001 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे रिसायकलिंगचे पैसे भरून द्यावा लागतो.

आई-बाबा आले असतील तर

"आमच्या नागपुरात 45 असतं, 34 अंशाला कसला एसी?" असं म्हणून आपण ऑफिसला गेल्यावर ते एसी बंद करतात. पण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही. टोकियोत उष्माघाताने दगावणाऱ्यांत घरातच असलेले, एसी न लावलेले वयस्कर लोक मोठ्या संख्येने असतात. विजेच्या बिलाची काळजी तुम्ही करा, त्यांना करू देऊ नका. रिमोटवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा आणि दुपारी एक फोन करून एसी चालू आहे ना ते विचारा.

तर मंडळी, या शनिवारी फिल्टर काढा आणि बाल्कनीतली ती नळी एकदा बघून या!